ओळंबा, काटकोन आणि ढाळ: प्राचीन संस्कृतींचं आजच्या बांधकामात काय उरलं आहे

प्रश्न असा आहे: प्राचीन संस्कृतींनी जे मिळवलं त्याचा आजच्या जगण्याशी खरंच काही संबंध उरला आहे का, की ते आता फक्त पाठ्यपुस्तकात आणि पर्यटनस्थळांवर शिल्लक आहे?

संबंध आहे, आणि तो रोजचा आहे. पण तो पाहायचा तर पिरॅमिडकडे बघू नका. मोकळ्या जागेवर आखणी सुरू असते त्या पहिल्या दिवसाकडे बघा. खुंट्या, दोरी, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी. यातली नळी प्लॅस्टिकची झाली, पण पाण्यावरून पातळी काढायची युक्ती आणि बाकीची तीन साधनं दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. लेझर आला तरी लेझरबद्दल शंका आली की हीच साधनं बाहेर निघतात. माझ्या मते आपल्याला मिळालेला खरा वारसा इमारतींचा नाही. साध्या सामानात चूक पकडायची रीत, हा तो वारसा आहे. त्यामुळे उत्तर बांधकामाच्या अंगानेच देतो.

काटकोनापासून सुरुवात करू. तीन, चार, पाच बाजूंचा त्रिकोण काटकोनी असतो, हे प्रत्येक गवंड्याला ठाऊक असतं. बॅबिलोनियातली 'प्लिम्प्टन ३२२' नावाची मातीची पाटी इसवीसनपूर्व १८००च्या आसपासची आहे. तिच्यावर अशा त्रिकोणांच्या संख्या ओळीने मांडल्या आहेत. बौधायनाच्या शुल्बसूत्रात कर्णाचा नियम शब्दांत सांगितला आहे. 'शुल्ब' म्हणजे दोरी, म्हणजे हे गणित कामाच्या जागेवरचंच. इजिप्तमध्ये बारा गाठींची दोरी ताणून काटकोन काढत, असं जागोजाग छापलेलं दिसतं, पण त्याला थेट पुरावा नाही. बॅबिलोन आणि शुल्बसूत्रांचे पुरावे मात्र भक्कम आहेत.

ही रीत चुकते कुठे? पहिली चूक त्रिकोण लहान घेण्याची. ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण घेतला आणि कर्ण मोजताना टेप ५ मि.मी. चुकली, तर १२ मीटर लांबीच्या भिंतीचं टोक सुमारे २५ मि.मी. सरकतं. तीच ५ मि.मी.ची चूक ६०, ८० आणि १०० सें.मी.च्या त्रिकोणात झाली, तर टोक १२५ मि.मी. सरकतं. चूक तेवढीच, परिणाम पाचपट. म्हणून जागा असेल तेवढा मोठा त्रिकोण घ्या, ६-८-१० मीटरचा जमला तर उत्तमच. दुसरी चूक उतारावर टेप जमिनीला टेकवून धरण्याची. दहाला एक असा उतार असेल, तर आडवं ५ मीटर अंतर जमिनीलगत ५.०२५ मीटर भरतं, म्हणजे तिथेच २५ मि.मी. गेले. टेप आडवी ताणून खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा. तिसरी चूक जास्त फसवी आहे. दोन्ही कर्ण सारखे आले की चौक काटकोनी, असं मानून लोक पुढे जातात. पण समोरासमोरच्या बाजू सारख्या नसल्या तरी कर्ण सारखे येऊ शकतात, समद्विभुज समलंब चौकोनात ते येतातच. आधी चारही बाजू मोजा, समोरासमोरच्या जुळवा आणि मग कर्ण लावा.

आता पातळी. इथे थोडं थांबतो, कारण प्राचीन कामाची खरी उंची इथे दिसते. इजिप्तमध्ये दैर अल-मदिना इथल्या सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात इंग्रजी 'ए' अक्षरासारखी लाकडी चौकट सापडली. तिच्या शेंड्यावरून ओळंबा लोंबतो आणि दोरी मधल्या खुणेवर आली की पाय समपातळीत आहेत असं समजायचं. रोमन लोकांच्या पातळीयंत्राचं नाव कोरोबेट्स. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने त्याचं वर्णन करून ठेवलं आहे: वीस फूट लांब फळी, दोन्ही टोकांना पाय, बाजूला ओळंबे. वाऱ्याने ओळंबे हलत असतील तर वरच्या अंगाला पाच फूट लांबीची पन्हळ, तिच्यात पाणी.

फ्रान्समधल्या नीम शहराला पाणी नेणारा रोमन कालवा सुमारे ५० किलोमीटर लांब आहे. झऱ्यापासून शहरापर्यंतचा एकूण उतार जेमतेम १२ ते १३ मीटर. सरासरी काढली तर किलोमीटरला २५ सें.मी. पाँ द्यु गार हा तिमजली कमानींचा सुमारे ४९ मीटर उंच पूल याच वाटेवर आहे. सगळे फोटो पुलाचे निघतात, पण अवघड काम उताराचं होतं. सहा मीटरच्या फळीने ५० किलोमीटर मोजायचे तर फळी आठ हजारांहून जास्त वेळा मांडावी लागेल. फळीतच १ मि.मी.चा दोष असेल आणि तो दर वेळी एकाच बाजूला पडत असेल, तर शेवटी ८ मीटरची चूक साचेल. एकूण उतारच १२-१३ मीटर असताना ८ मीटर! म्हणजे त्या लोकांना साचत जाणारी चूक मोडून काढावीच लागली असणार.

तिच्यावरचा उपाय आजही तोच आहे: साधन उलटं फिरवून पुन्हा वाचायचं. गवंड्याच्या हातातली स्पिरिट लेव्हल भिंतीवर ठेवा, बुडबुडा कुठे थांबतो ते बघा, मग तीच लेव्हल त्याच जागी टोकं बदलून ठेवा. बुडबुडा तिथेच थांबला तर लेव्हल बरोबर. दुसरीकडे गेला तर लेव्हलमध्ये दोष आहे, आणि खरी पातळी त्या दोन जागांच्या बरोब्बर मध्ये. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं. ती केली नाही तर संपूर्ण मजल्याच्या फरशा पुन्हा बसवायची वेळ येते. ऑटो लेव्हल, म्हणजे दुर्बिणीतून पातळी वाचायचं यंत्र, वापरत असाल तर साधारण ६० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. यंत्र मधोमध ठेवून दोन्हींतला फरक काढा, नंतर यंत्र एका खुंटीजवळ नेऊन तोच फरक पुन्हा काढा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर यंत्राची नजर आडवी नाही.

पृथ्वीच्या गोलाईचा मुद्दाही जुनाच आहे. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसून गोलाचा भाग असतो, हे आर्किमिडीजचं म्हणणं व्हिट्रुव्हियसने आपल्या वर्णनात नोंदवलं आहे. एक किलोमीटरवर हा फरक सुमारे ८ सें.मी. भरतो. नीमच्या कालव्याच्या हिशोबाने ही एका किलोमीटरच्या उताराची जवळजवळ एक तृतीयांश रक्कम झाली. लहान लहान टप्प्यांत मोजलं की हा फरक नगण्य होतो. आज आपण मागचा स्टाफ (यंत्रातून वाचायची मापाची उभी पट्टी) आणि पुढचा स्टाफ यंत्रापासून सारख्या अंतरावर ठेवतो, तेव्हा यंत्राचा दोष आणि गोलाई दोन्ही एकाच वेळी कटतात. घाईत मागचा ३० मीटरवर आणि पुढचा ७० मीटरवर ठेवला की हे संरक्षण गेलं.

पाण्याच्या नळीबद्दलही सांगतो, कारण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवला जातो. नळीत एक जरी हवेचा बुडबुडा अडकला तरी दोन टोकांची पातळी जुळत नाही. पाणी बादलीतून ओढून संथपणे भरा, नळी जमिनीवर पसरून बोटाने टिचक्या मारत बुडबुडे बाहेर काढा. काम सुरू करण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका उंचीवर येतं का ते पाहा. वाचताना दोन्ही तोंडं उघडी हवीत. एका टोकावर अंगठा राहिला तर पाणी हलतच नाही, आणि खूण भलतीकडेच पडते.

साठचा आकडा थोडक्यात. घड्याळातली साठ मिनिटं, साठ सेकंद आणि वर्तुळाचे ३६० अंश हे बॅबिलोनी गणिताकडून आले. दिवसाचे चोवीस तास इजिप्तकडून. 'मिनिट' आणि 'सेकंद' ही नावं लॅटिनमधली, अंशाचा 'पहिला बारीक भाग' आणि 'दुसरा बारीक भाग' या अर्थाची. साठाला एक ते सहा सगळ्यांनी भाग जातो, म्हणून वाटण्या करायला तो सोयीचा. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९३मध्ये दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास लागू केला, पण १७९५मध्ये त्याची सक्ती मागे घ्यावी लागली.

या वारशाने होणारा घोटाळाही रोजचा आहे. ३० अंश १५ मिनिटं हा अक्षांश कोणी नकाशाच्या ॲपमध्ये ३०.१५ असा भरतो. पंधरा मिनिटं म्हणजे पाव अंश, म्हणून बरोबर आकडा ३०.२५. दशांश एक अंशाची ही चूक जमिनीवर सुमारे ११ किलोमीटर होते. टोटल स्टेशनमध्ये, म्हणजे कोन आणि अंतर मोजायच्या यंत्रात, कोन अंशांत आहे की ३६०ऐवजी ४०० भागांच्या ग्रेडियनमध्ये, हे काम सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये बघा. कोनात एका मिनिटाची चूक १०० मीटरवर २९ मि.मी. होते, एवढा आकडा पाठ ठेवला तर कुठली चूक चालेल आणि कुठली नाही ते लगेच कळतं.

विटेकडे येऊ. सिंधू संस्कृतीच्या विटांची उंची, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण १:२:४ असं ठरलेलं होतं. घरांसाठी ७, १४ आणि २८ सें.मी. हे माप नेहमीचं. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या गावांत तेच प्रमाण. विटा इतक्या पक्क्या भाजलेल्या की एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाच्या भरावासाठी हडप्प्याच्या अवशेषांतून त्या काढून नेल्या गेल्या. फार मोठं नुकसान झालं ते.

लांबी रुंदीच्या दुप्पट असण्याला बांधकामाचं कारण आहे. एका थरात वीट लांबीने ठेवली आणि वरच्या थरात रुंदीने, तर दोन आडव्या विटा मिळून एका उभ्या विटेएवढ्या व्हायला हव्यात. तरच सांधेमोड नीट होते, म्हणजे खालचा उभा सांधा वरच्या विटेखाली झाकला जातो. आजच्या १९×९×९ सें.मी.च्या विटेतही हेच गणित आहे: ९ अधिक १ सें.मी.चा मसाल्याचा सांधा अधिक ९, बरोबर १९. भट्टीवरून आलेली वीट २१ सें.मी. लांब आणि ९ रुंद निघाली की थरागणिक सांधे सरकत जातात आणि मीटरभरातच खालचे-वरचे सांधे एका रेषेत येतात. पुढे भेग तिथूनच वर चढते. कोपऱ्यावर क्वीन क्लोजर, म्हणजे लांबीत उभी चिरलेली अर्धी वीट, पहिल्या आडव्या विटेला लागून ठेवावी लागते. ती विसरली की पाव विटेची सरक मिळत नाही आणि संपूर्ण थर बिघडतो. विटा आल्या की दहा विटा ओळीने लांबीने लावून मोजा, मग दहा रुंदीने लावून मोजा. गाडी परत पाठवायची असेल तर ती खाली होण्याआधी.

मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचं पाणी अडवायचं तंत्र आजच्या टाकी बांधणाऱ्याने नीट बघावं असं आहे. कुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल. आत जिप्समच्या मसाल्यात घट्ट बसवलेल्या विटा, त्यांच्या मागे डांबराचा थर आणि त्या थराच्या मागे पुन्हा विटांची भिंत. डांबर उघडं नाही, दोन भिंतींच्या मध्ये सुरक्षित आहे. आज वॉटरप्रूफिंग फसतं ते बहुतेक वेळा इथेच. मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर, चांगलं असतं, पण लावल्यावर त्याच्यावर संरक्षक थर पडण्याआधी कोणी शिडी टेकवतो, कोणी पाइपसाठी भोक पाडतो. मेम्ब्रेन लावल्यावर किमान ४८ तास पाणी साठवून खालून ओल तपासा, मग लगेच त्याच्यावर स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर, घाला. मधल्या काळात त्या जागेत कोणालाही काम करू देऊ नका.

त्याच शहरातल्या विटांच्या झाकलेल्या मोऱ्या आणि वाटेत गाळ बसायला केलेले खड्डे, हे आजच्या तपासणी चेंबरचं मूळ रूप. गटाराला ढाळ हवा, आणि वाटेत उघडून साफ करायची सोय हवी, या दोन गोष्टी तिथे दिसतात. ढाळाचा साधा नियम असा: १०० मि.मी.च्या पाइपला चाळीसला एक, १५० मि.मी.ला साठला एक. म्हणजे ६ मीटर लांबीत १०० मि.मी.चा पाइप १५० मि.मी. खाली गेला पाहिजे. संडासाची जागा नंतर बदलली की एवढी खोली शिल्लक राहत नाही. मग पाइप जवळजवळ आडवा टाकतात आणि दर दोन महिन्यांनी तो तुंबतो. प्रत्येक वळणावर चेंबर द्या. पाइपखालची माती धुमसून घट्ट करा, नाहीतर मधला भाग बसतो आणि ढाळ उलटा होतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे नव्हती: पाण्याचा सील. वळलेल्या नळीत पाणी अडवून गटाराचा वायू घरात येऊ न देण्याची कल्पना अलेक्झांडर कमिंगच्या १७७५च्या पेटंटमधली आहे. प्राचीनांना सगळंच ठाऊक होतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बाथरूमला वास येत असेल तर आधी ट्रॅपमधलं, म्हणजे त्या वळलेल्या नळीतलं, ५० मि.मी. पाणी आहे का ते बघा. वापर नसलेल्या जागेत ते वाळतं, आणि व्हेंट पाइप (हवा खेळती ठेवणारी नळी) नसेल तर फ्लशच्या ओढीने ते खेचून जातं.

शेवटी काँक्रीट, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. 'रोमन काँक्रीट दोन हजार वर्षं टिकलं, आपलं पन्नास वर्षांत फुटतं', हे वाक्य अर्धंच खरं आहे. रोमन लोक चुन्यात नेपल्सजवळच्या पोझ्झुओली भागातली ज्वालामुखीची राख मिसळत. व्हिट्रुव्हियसने पाण्यातल्या कामासाठी दोन भाग राख आणि एक भाग चुना असं प्रमाण दिलं आहे. राखेतली सिलिका चुन्याबरोबर संयुग पावते आणि मसाला पाण्याखालीही घट्ट होतो. नुसता चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर घट्ट होतो, त्यामुळे पाण्याखाली त्याचा उपयोग नाही. ज्वालामुखीची राख मिळत नाही तिथे सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, हेच काम करते. व्हिट्रुव्हियसनेही वाळूत एक तृतीयांश कुटलेली खापरं मिसळायला सांगितलं आहे.

रोममधल्या पँथिऑनचा घुमट इसवी सन १२६च्या सुमाराचा, व्यास ४३.३ मीटर, आत एकही सळई नाही. खाली जड खडी, वर जाताना हलकी, शेंड्याजवळ प्युमिस हा ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, आणि मध्यावर उघडं भोक. वजन उंचीबरोबर कमी होत जातं आणि संपूर्ण आकार मुख्यतः दाबात राहतो. घुमट टिकण्यामागे मसाल्याइतकाच हा आकारही आहे. आपल्या सपाट स्लॅबच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि ताणात काँक्रीट कमजोर, म्हणून लोखंड घालावं लागतं. आपलं काँक्रीट फुटतं ते बहुतेक वेळा या लोखंडामुळे. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. रोमन भिंतीत गंजायला सळईच नव्हती.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोमन काँक्रीटमधल्या पांढऱ्या चुन्याच्या गाठी तपासल्या गेल्या. कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना गरमागरम मिसळल्याने त्या राहिल्या असाव्यात, आणि भेगेत पाणी शिरलं की त्यांतला चुना विरघळून भेग बुजवतो, असं त्यातून पुढे आलं. हे वाचून घरच्या गिलाव्यात न विझलेला चुना घालू नका. पातळ गिलाव्यात न विझलेला कण महिनोन्महिने नंतर फुगतो आणि वरचा पापुद्रा टिकलीसारखा उडवतो. गिलाव्याचा चुना नीट विझवलेला, चाळलेला आणि काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा. विझवताना चुना पाण्यात थोडा थोडा सोडा, चुन्याच्या ढिगावर पाणी ओतू नका. ते उसळून उकळतं आणि डोळे कायमचे जाऊ शकतात. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नका.

रोमन राखेचा थेट वंशज आज प्रत्येक दुकानात मिळतो. पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमधला 'पोझोलाना' हा शब्द पोझ्झुओलीवरूनच आला आहे, फक्त राख ज्वालामुखीची नसून बहुतेक वेळा औष्णिक वीजकेंद्रातली असते. ही राख सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश संयुग पावते, म्हणून सुरुवातीची ताकद उशिरा येते आणि पाणी जास्त दिवस लागतं. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारून चालत असेल तर याला किमान दहा दिवस, तेही सतत ओलं. सकाळ-संध्याकाळ शिंपडून मध्ये उन्हात वाळू दिलं तर वरचा थर भुसभुशीत राहतो, त्यातून पाणी आणि हवा सळईपर्यंत पोचते. स्लॅबला २० मि.मी. आणि कॉलमला ४० मि.मी. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), कव्हर ब्लॉक काँक्रीट ओतण्याआधी बांधलेले, आणि सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला आधार देणारा साचा) काढायचा दिवस साध्या सिमेंटच्या सवयीने नव्हे तर या सिमेंटच्या हिशोबाने पुढे ढकललेला.